कात्राबाईच्या खिंडीखाली अडकलेला ग्रुप: माणसं डोंगरावर, सामान जीपमध्ये

रतनवाडीहून कुमशेतला जायची वाट कात्राबाईच्या खिंडीतून जाते. रतनगड ते हरिश्चंद्रगड करणारे बहुतेक ग्रुप हीच वाट धरतात. ती मळलेली आहे, अवघड कातळटप्पा नाही, दोर लावायची वेळ येत नाही. कुमशेतच्या बाजूने उतरताना मात्र एका पट्ट्यात सुटा मुरूम आणि वर वाळलेलं गवत असतं. तिथे पाय सरकतो. सरकला तर बहुतेकदा माणूस बसकण मारतो आणि हसत उठतो.

डिसेंबरच्या मध्यावर डोंबिवलीच्या सहा जणांपैकी एकाला तिथून उठता आलं नाही. मी त्या ट्रेकला नव्हतो. ते परत आल्यावर लीडरच्या घरी सहाही सॅक फरशीवर रिकाम्या केल्या आणि कोणती वस्तू त्या संध्याकाळी कुठे होती, किती वाजता बाहेर आली, तिचा काय उपयोग झाला, हे एकेक करून लिहून काढलं. त्यातून हे प्रकरण उभं राहिलं. नावांची गरज नाही. लीडर, एक आयटीवाला, एक नवराबायको, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि बँकेतले पन्नाशीचे काका, एवढं पुरे.

बेत काय होता

आदल्या रात्री रतनगडावर गुहेत मुक्काम. सकाळी रतनवाडीला उतरायचं, अमृतेश्वराच्या देवळाजवळ जेवायचं, खिंड ओलांडून कुमशेत गाठायचं आणि तिथे तंबू ठोकायचे. तिसऱ्या दिवशी पाचनईवरून हरिश्चंद्रगड. पाठीवरचं ओझं कमी करायला त्यांनी रतनवाडीत जीप ठरवली. जीप राजूरच्या बाजूने फिरून कुमशेतला पोहोचणार, आणि तिच्यात तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची शेगडी, शिधा, जाड स्वेटर असं सगळं. माणसांकडे फक्त छोट्या सॅक: पाण्याच्या बाटल्या, डबा, खाऊ, मोबाइल, कॅमेरा.

जीपने सामान पाठवण्यात काही चूक नाही. हलक्या पाठीने माणूस कमी दमतो, कमी पडतो. गोष्ट बिघडली ती सामानाची वाटणी करताना. जे जे जड ते जीपमध्ये आणि जे जे हलकं ते पाठीवर, असा सरळ हिशोब झाला. कोणती वस्तू फक्त मुक्कामी लागणार आणि कोणती वाटेत कुठेही लागू शकते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्यामुळे वजनाला किरकोळ असलेल्या तीन हेडटॉर्चही स्लीपिंग बॅगांच्या पिशवीत गेल्या, कारण सकाळी अकरा वाजता टॉर्च लागत नाही.

जीप उशिरा आली. रतनवाडीतून पाय निघाला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

काय घडलं

खिंडीत पोहोचायला चार वाजले. उतरताना चौघं पुढे, काका आणि ती मुलगी मागे. टेल, म्हणजे सगळ्यांत शेवटी राहून कोणाला मागे न सोडणारा माणूस, नेमलाच नव्हता. साडेचारच्या सुमाराला मुरमावरून काकांचा उजवा पाय सटकला, घोटा आत वळला आणि वर सगळं अंग आलं. 'कट्' असा आवाज मुलीने स्पष्ट ऐकला. पाच मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. पाय टेकवत नव्हता.

प्रथमोपचाराचा डबा लीडरच्या सॅकमध्ये होता आणि लीडर वळणापलीकडे खाली पोहोचला होता. मुलीने हाका मारल्या. मधे दाट झाडी, वारा वर येणारा. हाक गेली नाही. रेंज नव्हती. काकांना एकटं सोडून खाली पळावं की थांबावं, ह्या विचारात काही वेळ गेला. शेवटी पुढच्यांच्याच लक्षात आलं की मागे बराच वेळ काही हालचाल नाही, आणि ते परत चढून आले. तोवर सव्वापाच झाले होते. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दिवसाउजेडी हाताशी असलेला पाऊण-एक तास असा वाऱ्यावर गेला.

फरशीवर सॅक मांडल्या तेव्हा मुलीच्या सॅकचा छातीवरचा पट्टा मी हातात घेतला. त्याच्या केशरी बकलाला एका बाजूने छोटी खाच होती. तोंडात धरून फुंकली तर शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. शिट्टी तिच्या छातीवरच होती, ट्रेकभर. आजकाल बऱ्याच सॅकना ती असते आणि विकणारा सांगत नाही, घेणारा बघत नाही. स्वतःची सॅक आत्ता काढून बघा. डोंगरातला मदतीचा इशारा ठरलेला आहे: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन. घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी रात्रभर चालते.

लीडरने आल्यावर दोन निर्णय पटकन घेतले आणि दोन्ही बरोबर होते. एक, काकांना खांद्यावर घेऊन अंधारात उतरवायचं नाही. दोन, स्वतः आणि आयटीवाला अशा दोघांनी कुमशेतला जाऊन माणसं आणि जीपमधलं सामान आणायचं, बाकी तिघांनी काकांजवळ जागचं हलायचं नाही. एकट्याला पाठवलं असतं तर दुसरा जखमी मिळण्याची सोय झाली असती. निघताना त्याने खूण म्हणून फोनमध्ये त्या जागेचं ठिकाण साठवून घेतलं. जीपीएसला रेंज लागत नाही, हे बऱ्याच जणांना अजून ठाऊक नसतं.

दोघं साडेसातनंतर गावात पोहोचले. गावकरी आणि स्लीपिंग बॅगा वर आल्या तेव्हा साडेदहा होत आले होते. म्हणजे चार माणसांनी त्या उतारावर, उघड्यावर, सुमारे पाच तास काढले.

ते पाच तास

काकांच्या अंगात सुती टी-शर्ट, घामाने भिजलेला. खाली जीन्स. ऊन गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्यांना हुडहुडी भरली. सह्याद्रीत थंडीने कोणाला काही होत नाही, असं आपण धरून चालतो. हिमालयातल्यासारखं पाणी गोठत नसेल, पण ओला कपडा, वारा, रिकामं पोट आणि हलता न येणारं शरीर एकत्र आलं की सात-आठ अंशही पुरे होतात. चालणारा माणूस स्वतःची ऊब स्वतः तयार करतो. पाय मोडलेल्याचं ते बंद होतं. आणीबाणीचं सामान निवडताना पहिला प्रश्न म्हणून हाच धरावा असं माझं म्हणणं आहे: आपल्यापैकी एक जण ह्या वाटेवर, जिथे असेल तिथे, रात्रभर बसून राहिला तर काय काय लागेल? वाट चुकली, अंधार पडला, ओढा अडला, मधमाश्या लागल्या, काहीही झालं तरी शेवट बहुतेक वेळा अशा बसून काढलेल्या रात्रीतच होतो.

त्यांच्याकडे दोन स्पेस ब्लँकेट होती, चांदीच्या कागदासारखी, घडी मुठीत मावणारी. साठेक ग्रॅमला एक. आयटीवाल्याने ती ऑनलाइन घेतली होती आणि सुदैवाने कप्प्यात विसरली होती. पहिलं उघडताना वाऱ्याने फडफडलं आणि कारवीच्या वाळक्या काडीला लागून उभं फाटलं. ह्या कागदाला एक चीर गेली की तो टराटरा उसवतो. दुसरं काकांच्या अंगावर टाकलं, तरी हुडहुडी थांबेना. ब्लँकेट अंगातून बाहेर पडणारी ऊब परत फेकतं आणि वारा अडवतं. त्याला जाडी नाही, त्यामुळे जमिनीचा गारवा ते अडवू शकत नाही. काका जमिनीवरच होते.

फरक पडला तो बायकोच्या सॅकमुळे. तिने सॅकला आकार राहावा म्हणून पाठीच्या बाजूला कॅरीमॅटचा, म्हणजे झोपताना खाली अंथरायच्या फोमच्या चटईचा, अर्धा तुकडा घातला होता. तो काढून काकांच्या खाली सरकवला, त्यावर रिकाम्या केलेल्या सॅक, मग काका. ओला टी-शर्ट काढून नवऱ्याचा कोरडा फुलशर्ट घातला. मुलीची ओढणी डोक्याला गुंडाळली. मग अंगावर ब्लँकेट, आणि दोन्ही बाजूंना दोघं चिकटून बसले. अर्ध्या तासात दात वाजायचे थांबले. ब्लँकेट तेच होतं; खालून आणि आतून कोरडं झाल्यावर त्याने काम केलं.

पायाचंही तसंच. डब्यात चार इंची क्रेप बँडेज होतं, एकच. हाडाला आधार द्यायला काही नव्हतं. दुसऱ्या कॅरीमॅटची पट्टी कापून तळव्याखालून दोन्ही बाजूंना यू आकारात घेतली आणि तिच्यावरून बँडेज गुंडाळलं. बुटाची नाडी सैल केली, बूट काढला नाही. दर थोड्या वेळाने बोटं हलवता येतात का, त्यांना जाणीव आहे का, ती गार तर पडली नाहीत ना, हे काकांना विचारत राहिले. हे मुलीला एनसीसीतल्या प्रशिक्षणामुळे माहीत होतं. ती नसती तर बँडेज करकचून बांधलं गेलं असतं. घाबरलेला माणूस घट्टच बांधतो. नंतर एक्स-रेमध्ये घोट्याजवळचं बाहेरचं हाड मोडल्याचं दिसलं.

उजेडाचं सांगायचं तर खिशातले मोबाइल आणि एकुलती एक हेडटॉर्च. हेडटॉर्च खाली जाणाऱ्या दोघांना दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. वरच्या तिघांनी मोबाइलचे दिवे लावून ठेवले. नऊ वाजेपर्यंत दोन फोन मेले. मेले ते दिव्यामुळे, आणि रेंज शोधण्यामुळेही. जिथे टॉवर मिळत नाही तिथे फोन सतत ताकद लावून शोधत राहतो. एअरप्लेन मोड टाकायचं कोणाला सुचलं नाही. गावकरी खालून आले तेव्हा वर दाखवायला दिवा राहिला होता फक्त काकांच्या फोनचा, तोही नऊ टक्क्यांवर.

पाणी चौघांत मिळून दोन लिटरांच्या आत. कुमशेतला भरायचंच आहे म्हणून कोणी रतनवाडीत पूर्ण भरलं नव्हतं, आणि डिसेंबरात ह्या उतारावरचे ओढे आटत आलेले असतात. ओआरएसची पुडी होती. ती एका लिटरची होती आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली गेली. पुडीवर लिहिलेल्या मापात पूर्ण पुडी, हे ओआरएसचं सगळं गणित आहे. दाट केलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट तहान आणि मळमळ वाढते. दोनशे मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. बाटली छोटी असेल तर त्याच घ्याव्यात.

नवऱ्याने शेकोटी करू म्हटलं. लायटर होता. बायकोने विरोध केला आणि मला तिचं पटतं. हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गुडघाभर वाळलेल्या गवतात, वारा असताना, जागचा हलू न शकणारा माणूस मधे ठेवून आग पेटवणं म्हणजे वणव्याला बोलावणं.

साडेदहाला कुमशेतचे सहा जण आले. एका लांब वाशाला जाड चादरीची झोळी बांधलेली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी बॅटरी मारून पायाचं बांधकाम बघितलं. "पाय बेस बांधलाय," म्हणाले, आणि ब्लँकेटला हात लावून, "पन दादा, ह्या चांदीच्या कागदापरीस घोंगडी बरी." त्यांनी खांद्यावरची काकांवर घातली. मध्यरात्रीनंतर सगळे गावात पोहोचले, आणि जीपने पहाटे राजूरकडे.

फरशीवरची झाडाझडती

एकेका वस्तूकडे पाहिलं तर गंमत अशी दिसली की पैसे खर्च करून घेतलेल्या 'आणीबाणीच्या' वस्तूंपैकी फार थोड्या कामाला आल्या. आयटीवाल्याकडे ऑनलाइन मागवलेला सर्व्हायव्हल किटचा डबा होता. त्यात मासे धरायचा गळ, तारेची करवत, बटणाएवढं होकायंत्र, आग पेटवायची मॅग्नेशियमची कांडी. कात्राबाईच्या उतारावर गळ टाकायला तळं शोधावं लागलं असतं. सापाचं विष ओढून घ्यायचा पंपही होता. तो फेकून द्यायला सांगितला, कारण तो निरुपयोगी तर आहेच, शिवाय त्याच्या नादात वेळ जातो. घोणस, फुरसं, नाग, मण्यार ह्यांच्या दंशावर उपाय एकच: माणसाला आणि दंश झालेल्या अवयवाला हलू न देता दवाखाना गाठायचा, जिथे प्रतिविष मिळतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही.

लीडरकडे तीस मीटरचा नऊ मिलिमीटर जाडीचा दोर होता. दीड किलोच्या पुढे वजन. सहा जणांत तो नीट वापरता येणारा एकही नव्हता. ह्या दीड किलोत काय काय बसलं असतं ते तिथेच काट्यावर ठेवून दाखवलं: सहा हेडटॉर्चचे सेल, सहा जणांना कानटोप्या, दहा बाय दहा फुटांचं पातळ प्लॅस्टिक, आणखी दोन क्रेप बँडेज, आणि तरी जागा उरली.

अशा याद्या करणाऱ्यांना एक अमेरिकन यादी हमखास सापडते, दहा आवश्यक वस्तूंची. सिएटलच्या 'द माउंटेनियर्स' ह्या क्लबात १९३०च्या दशकात ती तयार झाली. तिचं आजचं रूप असं: दिशा, उजेड, प्रथमोपचार, चाकू, आग, निवारा, जास्तीचं अन्न, पाणी, कपडे, उन्हापासून बचाव. यादी उत्तम आहे. पण ती तशीच्या तशी उचलली की गोंधळ होतो. तिथे आग हा जीव वाचवणारा भाग आहे; आपल्याकडच्या उन्हाळी-हिवाळी गवतात तिची जागा कोरड्या कपड्यांनी आणि मॅटने घ्यायला हवी. तिकडचे लोक आता उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही सोबत ठेवायला सांगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर त्यावरून परदेशी लोकांना अडवल्याच्या बातम्या येत असतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला 'येताना एक घेऊन ये' सांगण्याआधी हे माहीत असावं.

मग संपर्काचं काय? ग्रुपमधल्या सहा जणांपैकी पाच जणांकडे एकाच कंपनीचं सिम होतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असणं, हा फुकटातला सगळ्यांत उपयोगी बदल. आपली रेंज नसेल तरी ११२ लावून बघावा, कारण दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर आणीबाणीचा फोन त्यावरून लागू शकतो. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांच्या बचाव पथकांचं समन्वय केंद्र आहे. त्याचा नंबर निघण्यापूर्वी शोधून, कागदावर लिहून ठेवायचा. पण ह्या प्रकरणात सगळ्यांत आधी पोहोचले ते कुमशेतचे सहा जण, आणि ते कोणत्याही ट्रेकला तसंच होणार. त्यामुळे वाटेच्या दोन्ही टोकांच्या गावांतल्या एकेका माणसाचा नंबर, आणि 'अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर वर बघायला या' हे सांगून निघणं, हे सामानातच धरायला हवं. जीपवाल्याला तेवढं सांगितलं असतं तर तो सात वाजताच बोंबलत सुटला असता. त्याला वाटलं, पोरं वाटेत फोटो काढत असतील.

नवी वाटणी

पुढच्या ट्रेकसाठी त्यांनी सामान दोन ठिकाणी विभागलं. प्रत्येकाच्या अंगावर किंवा छोट्या सॅकमध्ये: हेडटॉर्च, एक सेल उलटा घालून ठेवलेली म्हणजे सॅकमध्ये चुकून पेटत नाही, शिट्टी, कोरडा फुलबाह्यांचा टी-शर्ट आणि कानटोपी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, कॅरीमॅटचा पाठीएवढा तुकडा, कचऱ्याची मोठी काळी पिशवी, जी गळ्याला भोक पाडून अंगात घालता येते आणि कारवीला लागून ब्लँकेटइतकी सहज फाटत नाही, राखीव म्हणून अर्धा लिटर पाणी, ज्याला गाव दिसेपर्यंत हात लावायचा नाही, गूळ-शेंगदाण्याची पुडी. सगळं मिळून सव्वा किलोच्या आसपास, त्यात अर्धा किलो पाणीच.

ग्रुपमध्ये एकेक: ताडपत्रीवजा पातळ प्लॅस्टिक आणि दहा मीटर बारीक दोरी, पॉवर बँक, क्लोरीनच्या गोळ्या, कागद-पेन्सिल, आणि प्रथमोपचाराचा डबा, जो आता टेलकडे असतो. पुढचा माणूस पडला तर मागचा त्याच्यापर्यंत पोहोचतोच. उलटं होत नाही. डब्यात क्रेप बँडेज तीन, जखमेसाठी गॉज आणि चिकटपट्टी, पॅरासिटामॉल, ओआरएस, मधमाश्यांच्या डंखासाठी अॅलर्जीची गोळी, आणि प्रत्येकाला कशाची अॅलर्जी आहे, कोणती औषधं चालू आहेत, घरचा नंबर काय, ह्याची चिठ्ठी. काकांना रक्तदाबाची गोळी असते हे त्या रात्री कोणालाच माहीत नव्हतं.

शेगडीवर मात्र वाद मिटलेला नाही. लीडरचं म्हणणं, छोटी शेगडी, गॅसचा डबा आणि एक भांडं मिळून सहाशे-सातशे ग्रॅम होतात आणि वर्षातून एकदाही अशी वेळ येत नाही. जीपमध्येच राहू दे. नवरा म्हणतो, त्या पाच तासांत कपभर गरम गुळाचं पाणी मिळालं असतं तर काकांचा अर्धा त्रास वाचला असता, आणि ते खरं आहे. बायकोचा मुद्दा वेगळा: उघड्या कातळावर, गवत बाजूला करून शेगडी पेटवायची शिस्त अंधारात, थरथरत्या हातांनी पाळली जाईल का? काकांनी पाय प्लास्टरमध्ये असताना फोनवर मत दिलं, शेगडीच्या बाजूने. माझंही मत तिकडेच आहे, पण हिवाळ्यापुरतं, आणि वाटेत उघडा कातळ आहे हे ज्याला माहीत आहे त्याच्याच सॅकमध्ये.